लवचिक पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी नॅनोट्यूब की ग्राफीन? लातूरच्या एका प्राध्यापिकेला सविस्तर उत्तर

मॅडम, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही लातूरला भौतिकशास्त्र शिकवता. तुमचा पीएचडीचा विद्यार्थी पॉलिस्टर फिल्मवर कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, शाई स्प्रे करून पारदर्शक, वाकणारा वाहक थर बनवतोय. मल्टीमीटरवर त्याचा रोध कधी ८०० ओहम येतो, कधी ३ किलोओहम. नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवला की तो निम्म्यावर येतो, पण पावसाळी हवेत पुन्हा चढतो. पारदर्शकता ८० टक्क्यांच्या आसपास आहे. तुमच्याकडे बाथ सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी शाई ढवळणारं यंत्र), हॉटप्लेट, स्प्रे गन आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर आहे. आणि तुम्ही विचारता की नॅनोट्यूब सोडून ग्राफीनकडे, म्हणजे एकाच अणूच्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्याकडे, वळावं का, आणि हे सगळं आयटीओची, म्हणजे स्क्रीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या इंडियम टिन ऑक्साईड या पारदर्शक वाहकाची, जागा घेईल का.

नॅनोट्यूब सोडू नका. आयटीओची जागा घेण्याचं ध्येय मात्र सोडून द्या. मी वाळूजला फिल्म आणि कोटिंगच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यातली काही या कार्बनच्या थरांवरच. जे सांगतोय ते त्या अनुभवावरून.

सगळा घोळ एका गैरसमजातून सुरू होतो. नॅनोट्यूबबद्दल आपण जे वाचतो ते एकट्या ट्यूबबद्दल असतं. एका चांगल्या धातुगुणी, म्हणजे धातूसारखी वीज वाहणाऱ्या, एकपदरी नॅनोट्यूबचा रोध आदर्श स्थितीत साडेसहा किलोओहमपर्यंत खाली येतो. पण फिल्ममध्ये एकटी ट्यूब कधीच नसते. ट्यूब एक-दोन मायक्रॉन लांब असते आणि तुमचे इलेक्ट्रोड सेंटीमीटरच्या अंतरावर असतात, म्हणजे विजेला हजारो ट्यूबवरून उड्या मारत जावं लागतं. दोन धातुगुणी ट्यूब जिथे एकमेकींवर पडतात, त्या एका सांध्याचा रोध काही लाख ओहम निघतो. एक धातुगुणी आणि एक अर्धवाहक अशी जोडी असली तर त्याहून कितीतरी जास्त. परभणीहून संभाजीनगरला जाताना रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी वेळ रेल्वे फाटकांवर जातो, तसं हे आहे. आणि नेहमीच्या एकपदरी मालात साधारण एक तृतीयांश ट्यूबच धातुगुणी असतात, बाकीच्या अर्धवाहक. त्यामुळे ट्यूबची वाहकता कागदावर किती आहे याला फारसा अर्थ नाही. सांधे किती, ते किती स्वच्छ, आणि ट्यूब किती लांब, यावर तुमची फिल्म ठरते. पुढचं सगळं या एका गोष्टीशी बांधलेलं आहे.

आता तुमचे आकडे. ८०० ओहम आणि ३ किलोओहम हे दोन्ही आकडे मी मोजमाप म्हणून धरणार नाही. मल्टीमीटरचं टोक फिल्मवर टेकवलं की तुम्ही टोकाचा आणि फिल्मचा संपर्करोध मोजता, फिल्म त्यात थोडीशीच असते. हात जरा जोरात दाबला की आकडा बदलतो. मोजायचा असतो तो शीट रेझिस्टन्स, ओहम प्रति चौरस. चौरस मोठा असो की लहान, समोरासमोरच्या बाजूंमधला रोध तोच येतो, म्हणून हे एकक. चार टोकांचा प्रोब असेल तर उत्तम: व्होल्टेज भागिले करंट, गुणिले ४.५३२. हा गुणक नमुना प्रोबच्या टोकांमधल्या अंतराच्या मानाने बराच मोठा असेल तरच चालतो, त्यामुळे बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यावर तो लावू नका.

प्रोब नसला तरी काही अडत नाही. फिल्मची बरोबर १ सें.मी. रुंद, लांब पट्टी कापा. तिच्यावर आडव्या, पूर्ण रुंदीच्या चांदीच्या पेस्टच्या रेघा ओढा, अशा की शेजारच्या रेघांमधली अंतरं १, २, ३ आणि ४ सें.मी. येतील. रेघ बारीक ब्रशने ओढता येते, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून घेतली तर कड सरळ येते. पेस्ट नीट वाळू द्या, ८० अंशांवर तासभर ठेवली तर बरं. मग प्रत्येक जोडीमधला रोध मोजा आणि अंतराविरुद्ध आलेख काढा. सरळ रेषा आली पाहिजे. तिचा उतार म्हणजे तुमचा शीट रेझिस्टन्स, आणि शून्य अंतरावर जो आकडा उरतो तो दोन संपर्कांचा मिळून रोध. रेषा सरळ आलीच नाही, तर तुमची फिल्म एकसारखी नाही, आणि ही माहितीसुद्धा मोलाची आहे. विद्यार्थ्याकडून हे पहिल्याच आठवड्यात करून घ्या. त्याच्या प्रबंधातला निम्मा गोंधळ इथेच मिटेल.

पारदर्शकतेचंही असंच. तुमचे ८० टक्के पॉलिस्टरसकट आहेत की पॉलिस्टर वजा करून? साध्या पॉलिस्टर फिल्ममधूनच सुमारे ८८-८९ टक्के प्रकाश जातो, कारण दोन्ही पृष्ठभागांवरून थोडा परत फिरतो. बेसलाइन, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर ज्याला १०० टक्के धरतो तो संदर्भ, हवेवर घेतली असेल तर ८० टक्क्यांत पॉलिस्टरचाही वाटा आहे, आणि एकट्या नॅनोट्यूबच्या थराची पारदर्शकता ९० टक्क्यांच्या जवळ निघेल. बेसलाइन कोऱ्या फिल्मवर घेतली असेल तर ८० म्हणजे ८०च. ५५० नॅनोमीटरवरचा आकडा द्यायची रीत आहे, आणि बेसलाइन कशावर घेतली ते स्पष्ट लिहायचं.

एवढा काथ्याकूट का, ते आकडेमोड केल्यावर कळेल. रोध आणि पारदर्शकता एकाच मापात आणायची एक पद्धत आहे: थराची विद्युत वाहकता आणि प्रकाशीय वाहकता यांचं गुणोत्तर. काढायचं असं. १८८.५ ला शीट रेझिस्टन्सने भागा. मग पारदर्शकता दशांशात घेऊन तिच्या वर्गमुळाने १ ला भागा, त्यातून १ वजा करा, आणि आधीच्या आकड्याला या बाकीने भागा. तुमचे ८०० ओहम उदाहरणापुरते शीट रेझिस्टन्स मानले आणि थराची पारदर्शकता ८० टक्के धरली तर गुणोत्तर २ येतं. तेच ९० टक्के धरली तर ४ च्या पुढे. नमुना एकच, आणि फक्त बेसलाइनच्या फरकाने गुणवत्ता दुप्पट दिसते. टचस्क्रीनच्या कामाला साधारण १०० ओहम आणि ९० टक्के लागतात, म्हणजे गुणोत्तर ३५. काचेवरचा चांगला आयटीओ १० ओहमला ९० टक्के देतो, म्हणजे जवळपास ३५०. तुम्ही कुठे उभे आहात आणि कुठे जायचं आहे, ते या एका आकड्यात दिसतं.

गुणोत्तर २ ते ४ असेल तर माझा पहिला संशय ट्यूबवर जातो. तुम्ही प्रकार लिहिलेला नाही, पण महाविद्यालयांत बहुतेक वेळा बहुपदरी नॅनोट्यूब येतात, कारण त्या स्वस्त असतात. त्यांच्या आतल्या पदरांपर्यंत वीज फारशी पोचत नाही, पण प्रकाश मात्र सगळेच पदर शोषतात. मग कितीही घासा, गुणोत्तर वर जात नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! एकपदरी, किंवा फार तर दुपदरी, लांब आणि कमी दोषांच्या ट्यूब घ्या. ग्रॅमचा भाव बघून पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे. पण ग्रॅम लागतोच कुणाला? पारदर्शक थरात दर चौरस सेंटीमीटरला एक ते चार मायक्रोग्रॅम माल बसतो. ४७ मि.मी. च्या फिल्टरवर घातलेल्या एका नमुन्याला पन्नास मायक्रोग्रॅमसुद्धा लागत नाहीत. १०० मिलिग्रॅमची एक चांगली बाटली अख्ख्या पीएचडीला पुरून उरते. स्प्रे गनमधून बराचसा माल हवेत उडतो हे धरूनही हा हिशेब तोट्याचा नाही.

आता पाण्याबद्दल. ही गोष्ट मराठवाड्यात काम करणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी, कारण शोधनिबंधांत ती कुणी लिहीत नाही. त्यांच्याकडे शुद्ध पाणी गृहीतच असतं. तुमची शाई बहुधा एसडीएस किंवा त्यासारख्या साबणी द्रव्याने पाण्यात तरंगत ठेवलेली असेल. हे द्रव्य ट्यूबभोवती ऋणभार चढवतं आणि ट्यूब एकमेकींना दूर लोटतात. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. कॅल्शियमचे दोन धनभार तो ऋणभार झाकून टाकतात, शिवाय एसडीएसबरोबर न विरघळणारा साका बनवतात. ट्यूब गठ्ठ्यागठ्ठ्याने खाली बसतात. उघड्या डोळ्यांना शाई काळीच दिसते, म्हणून लक्षात येत नाही. पण काचेच्या पट्टीवर एक थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दाणे दिसतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर कधी चांगलं निघतं, कधी नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. कंडक्टिव्हिटी मीटर घ्या, तो महाग नसतो, आणि पाणी काही मायक्रोसीमेन्सच्या वर गेलं की ते शाईला वापरू नका. धुण्यासाठीही तेच पाणी. बोअरच्या पाण्याने धुतलेली फिल्म वाळली की तिच्यावर क्षारांचे पांढरट डाग उरतात आणि तुमचे दोन टक्के प्रकाश तिथेच जातात.

शाई करताना सॉनिकेटर लागेल तेवढाच चालवा. जितका वेळ आवाजाचा मारा, तितक्या ट्यूब सुट्या होतात, पण तुटतातही. ट्यूब आखूड झाली की तेच अंतर कापायला सांधे वाढतात, आणि आपण परत फाटकांवर थांबतो. बाथमध्ये बर्फ घालून थोड्या-थोड्या वेळाने चालवा, दर वेळी थोडी शाई काढून तिचं शोषण स्पेक्ट्रोमीटरवर बघा. शोषण वाढायचं थांबलं की सॉनिकेटर बंद. मग वेगवान सेंट्रिफ्यूज मिळाला तर गठ्ठे खाली बसवा. नसेल तर बाटली रात्रभर हलवू नका आणि वरचा दोन तृतीयांश भाग हळूच काढून घ्या. हे सेंट्रिफ्यूजची बरोबरी करत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

स्प्रेपेक्षा माझा कल गाळणीच्या पद्धतीकडे आहे, निदान प्रबंधाच्या पहिल्या टप्प्यात तरी. २००४ साली फ्लोरिडातल्या गटाने ‘सायन्स’मध्ये ही पद्धत मांडली. ५० नॅनोमीटर जाडीच्या थराला त्यांनी ३० ओहम प्रति चौरस आणि ७० टक्क्यांच्या वर पारदर्शकता दाखवली. शाई अगदी पातळ करायची, सेल्युलोज एस्टरच्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून व्हॅक्यूमने ओढायची, वरून भरपूर शुद्ध पाणी सोडून साबण धुऊन काढायचा, मग थर पॉलिस्टरवर दाबून बसवायचा आणि गाळणी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून टाकायची. हिचा मोठा गुण म्हणजे थर आपोआप सारखा होतो: जिथे तो पातळ आहे तिथून पाणी जास्त ओढलं जातं, म्हणून ट्यूबही तिथेच जास्त जाऊन बसतात. जाडी तुम्ही किती मिलिलिटर शाई ओतली यावर ठरते, त्यामुळे २, ४, ६, ८ मिलिलिटरची मालिका करून रोध-पारदर्शकतेचा आलेख एका दिवसात हाती येतो. एक विनंती: व्हॅक्यूमसाठी नळाच्या पाण्यावर चालणारा अ‍ॅस्पिरेटर लावू नका. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात तासन्‌तास नळ वाहता ठेवणं बघवत नाही. छोटा तेलविरहित डायफ्रॅम पंप या कामाला पुरतो.

मोठ्या आकाराची फिल्म हवी झाली की स्प्रे किंवा तार गुंडाळलेला रॉड, ज्याला मेयर रॉड म्हणतात, तो वापरा. रॉडने ओला थर तारेच्या जाडीच्या साधारण एक दशांश बसतो, हात सफाईचा लागतो, पण माल वाया जात नाही. फिल्मची प्रक्रिया केलेली बाजू कोणती ते आधी पाहा. पाण्याचा थेंब पसरतो ती बाजू आपली, गोळा होऊन बसतो ती उलटी. पॉलिस्टर फिल्मसाठी लांब जायला नको, गरवारेचे कारखाने वाळूज आणि चिकलठाण्यातच आहेत. मात्र दुकानात मिळणारी फिल्म कधी सिलिकॉन लावलेली, कधी अँटिस्टॅटिक असते. विचारून साधी फिल्म घ्या, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या थराची वाहकता मोजत बसाल.

स्प्रेला आपल्याकडचं हवामान फार सतावतं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत बारीक थेंब फिल्मवर पोचायच्या आतच वाळतात. ट्यूब भुकटीसारख्या वरवर बसतात, सांधे कच्चे राहतात, नोझल तुंबतो. तीच सेटिंग ऑगस्टमध्ये वापरली की थेंब ओलेच राहतात, वाळताना ट्यूब कडेला ओढल्या जातात आणि फिल्मवर गोल कडी उमटतात. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत तापमान आणि आर्द्रता लिहा. उन्हाळ्यात गन जवळ आणा, पावसाळ्यात हॉटप्लेट थोडी वाढवा. १००-११० अंशांपर्यंत पॉलिस्टर सहन करतं. त्याहून बरंच वर नेलं तर फिल्म आकसते, शिवाय तिच्यातले लहान रेणू पृष्ठभागावर येऊन धुरकट साय धरतात, आणि पारदर्शकता कमी झाल्याचा दोष विनाकारण नॅनोट्यूबवर येतो.

नायट्रिक अ‍ॅसिडने रोध निम्मा होतो आणि परत चढतो, याचं उत्तर आता सोपं आहे. अ‍ॅसिड एकाच वेळी दोन कामं करतं. एक, सांध्यांत अडकलेला साबण धुऊन काढतं. ही सुधारणा टिकते. दोन, ट्यूबमधले इलेक्ट्रॉन ओढून तिथे धनवाहक वाढवतं, म्हणजे डोपिंग. हे टिकत नाही, ऊब आणि दमट हवा लागली की उतरतं. तुमच्या आकड्यात हे दोन्ही मिसळलेले आहेत. ते वेगळे करायला अ‍ॅसिडनंतर नमुना शुद्ध पाण्याने धुवा, रोध मोजा, मग १०० अंशांच्या आसपास तासभर ठेवून पुन्हा मोजा. जेवढा चढला तो डोपिंगचा वाटा. त्यानंतरचा आकडा तुमच्या फिल्मचा खरा पाया, प्रबंधात तोच आधी लिहा. डोप केलेला आकडा द्यायला हरकत नाही, पण तो किती दिवसांनी, किती आर्द्रतेत मोजला हे त्याच ओळीत यायला हवं. धुतल्यावर ताबडतोब मोजलेला आकडा छापून मोकळं होणाऱ्यांची या क्षेत्रात कमी नाही, आणि त्यामुळे नंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांची वर्षं वाया जातात. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

एसडीएस पूर्ण निघाला नसेल तर पावसाळ्यात दुसरीही अडचण येते. तो ओलावा धरतो, सांधे फुगतात, रोध डगमगतो. आधी नीट धुऊन घ्या, मग वर पातळ संरक्षक थर द्या. त्याआधी चांदीच्या रेघा ओढून ठेवा, नाहीतर संपर्क मिळणार नाही.

आता ग्राफीन. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ते सुटं केलं, २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २००८ मध्ये दिसून आलं की एकच अणुस्तर दृश्य प्रकाशातला २.३ टक्के भाग शोषतो. म्हणजे चार थरांना सुमारे ९१ टक्के पारदर्शकता. मोहात पाडणारी गोष्ट आहे. पण पारदर्शकता ही अर्धी बाजू. डोप न केलेल्या ग्राफीनमध्ये विद्युतवाहक कमी असतात, त्यामुळे एका थराचा रोध शेकड्यांत किंवा हजाराच्या घरात जातो. २०१० साली कोरियातल्या सुंगक्युनक्वान विद्यापीठाच्या गटाने ३० इंची फिल्म तांब्यावर वाढवून रोल पद्धतीने पॉलिस्टरवर उतरवली. एका थराला सुमारे १२५ ओहम आणि ९७.४ टक्के, डोप केलेल्या चार थरांना सुमारे ३० ओहम आणि ९० टक्के. आकडे सुंदर आहेत. त्यामागे तांब्याचा पत्रा, मिथेन आणि हायड्रोजन, हजार अंशांची भट्टी आणि अणुस्तर न फाडता उचलून ठेवण्याचं कसब आहे. तांबं १०८५ अंशांना वितळतं, म्हणजे भट्टी त्याच्या अगदी काठावर चालते. जिथे दुपारी दोन वाजता लाइट जाते आणि जनरेटर फक्त ऑफिसला जोडलेला असतो, तिथे हायड्रोजन आणि हजार अंश यांचा खेळ मी तुमच्या विद्यार्थ्याला सुचवणार नाही.

मग लहान प्रयोगशाळा सोपा मार्ग धरतात: ग्राफाईटपासून हमर्स पद्धतीने ग्राफीन ऑक्साईड, ते क्षपण करून, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून, ‘ग्राफीन’, आणि शीर्षकात पारदर्शक इलेक्ट्रोड. कृपा करून त्या वाटेने जाऊ नका. ऑक्साईड बनताना कार्बनची जाळी जागोजाग फुटते, आणि क्षपणाने ती पूर्ण सांधली जात नाही. पॉलिस्टर झेपेल अशा तापमानावर तर नाहीच. पारदर्शक म्हणता येईल अशा जाडीला रोध किलोओहमांत, अनेकदा दहा-दहा किलोओहमांत राहतो. गॅस सेन्सरला, अँटिस्टॅटिक थराला हा माल चांगला आहे, विषय तो असेल तर जरूर घ्या. पारदर्शक इलेक्ट्रोड म्हणून त्याचा पाठपुरावा करणं म्हणजे विद्यार्थ्याची तीन वर्षं वाळूत ओतणं.

चांदीच्या नॅनोवायरबद्दल थोडक्यात: ९० टक्क्यांच्या वर पारदर्शकतेला १०-३० ओहम त्या सहज देतात, कार्बनला एकट्याने ते जमत नाही. पण त्या प्रकाश विखुरतात, हवेतल्या गंधकाने काळवंडतात, जास्त करंटने तुटतात. थोड्या नॅनोवायर आणि वर नॅनोट्यूबचं जाळं, असा संकर करून बघण्यासारखा आहे.

आयटीओच्या प्रश्नावर यायला मला मुद्दाम उशीर झाला. या क्षेत्रात इतका पैसा आणि माणूसबळ आलं त्यामागे इंडियमचा भाव हे एक मोठं कारण होतं. हा धातू जस्ताच्या खाणकामात उपउत्पादन म्हणून मिळतो, आणि २००५ च्या सुमारास तो किलोला हजार डॉलरच्या आसपास गेला होता. पुढे भाव उतरला, आयटीओचे कारखाने टिकले, आणि सपाट काचेवर त्याला हरवणं आजही कठीण आहे. त्याचं खरं दुखणं वाकण्यात आहे. दोन टक्क्यांच्या आसपास ताण आला की त्याला तडे जातात. शिवाय पॉलिस्टरवर तो तापवता येत नाही, म्हणून तिथे त्याचा रोध ५० ते १५० ओहमांवर अडकतो. कार्बनने झुंज द्यायची ती इथे.

पण मग वाकवण्याची चाचणीही इमानदारीने करा. ‘५ मि.मी. त्रिज्येवर हजार वेळा वाकवलं, रोध बदलला नाही’ असं वाक्य सर्रास दिसतं. ताण त्रिज्येवर एकट्याने ठरत नाही. फिल्मची जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट, हा तो ताण. ५० मायक्रॉनच्या फिल्मला ५ मि.मी. त्रिज्येवर फक्त अर्धा टक्का ताण येतो, तेवढ्यात आयटीओसुद्धा तगून जातो! १२५ मायक्रॉनच्या फिल्मला तिथेच सव्वा टक्का, आणि ३ मि.मी. त्रिज्येवर दोन टक्क्यांच्या वर. चाचणी १२५ मायक्रॉनवर, ३ मि.मी. वर, थर बाहेरच्या बाजूला ठेवून करा, आणि शेजारी आयटीओची पट्टी त्याच दांडीवर वाकवून तिचाही आकडा द्या. मग तुमच्या नॅनोट्यूबचं म्हणणं कुणालाही खोडता येणार नाही.

उपयोग निवडताना सौर घटाच्या मागे लागू नका. घटातून दर चौरस सेंटीमीटरला २० मिलिअँपिअर निघत असतील, व्होल्टेज ०.९ असेल आणि वीज ५ मि.मी. अंतर कापून कडेच्या धातूच्या पट्टीपर्यंत जात असेल, तर १०० ओहमच्या थरात सुमारे १८ टक्के शक्ती उष्णतेत जाते. १० ओहमच्या थरात दोन टक्क्यांहून कमी. हा फरक कार्बनच्या थराने आज भरून निघत नाही.

उलट पारदर्शक हीटर बघा. तिथे हाच रोध कामी येतो. दर चौरस सेंटीमीटरची शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले (शीट रेझिस्टन्स गुणिले दोन्ही कडांच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा वर्ग). १०० ओहमची फिल्म, पट्ट्यांमध्ये ५ सें.मी. अंतर, १२ व्होल्टची गाडीची बॅटरी: दर चौरस सेंटीमीटरला ०.०५८ वॉट. स्थिर हवेत दोन्ही बाजूंनी उष्णता जात असताना सभोवतालापेक्षा साधारण २५ ते ३० अंश वाढ मिळायला हवी. दव आणि धुकं घालवायला एवढं भरपूर झालं. अंतर दुप्पट केलं की शक्ती एक चतुर्थांश होते, म्हणून पट्ट्या नेहमी लांब बाजूंना. फिनलंडची कॅनाटू कंपनी गाड्यांच्या कॅमेऱ्यांपुढची काच तापवण्यासाठी नॅनोट्यूबच्या अशाच फिल्म बनवते, कारण त्या वक्र आकारावर ताणून बसवता येतात. आणि आपल्याकडे वाळूजला बजाज, शेंद्र्याला स्कोडा आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची अख्खी वसाहत आहे. चालू स्थितीतला ५ सें.मी. चा पारदर्शक हीटर घेऊन तुमचा विद्यार्थी त्यांच्यापैकी कुणाच्या दारात गेला तर त्याचं म्हणणं ऐकलं जाईल, शोधनिबंधाच्या झेरॉक्सला ते भाग्य मिळत नाही.

शेवटची गोष्ट सुरक्षेची, आणि ती मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतोय. कोरड्या नॅनोट्यूब छताच्या पंख्याखाली कधीही उघडू नका. त्या डोळ्यांना न दिसता उडतात आणि फुफ्फुसात खोल जातात. एका प्रकारच्या बहुपदरी ट्यूबना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं आहे, आणि अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेने कामाच्या आठ तासांसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटर हवेत फक्त एक मायक्रोग्रॅम आहे. वजन करायचं ते फ्यूम हूडमध्ये (हवा ओढून बाहेर टाकणाऱ्या बंदिस्त कपाटात), ओल्या भांड्यात. स्प्रेसुद्धा हूडमध्येच, गच्चीवर किंवा व्हरांड्यात नाही. कापडी रुमाल किंवा सर्जिकल मास्क याला पुरत नाही, एन-९५ किंवा त्याहून वरचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो. टेबल झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, आणि ते फडकं बंद पिशवीत वेगळ्या कचऱ्यात जायला हवं. हूड चालत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत आधीच शाईच्या रूपात मिळणाऱ्या नॅनोट्यूब मागवा. कोरडा माल उघडण्याची वेळच येणार नाही.

ट्यूबचा प्रकार, पाण्याची कंडक्टिव्हिटी आणि त्या चार अंतरांवरचे रोध एवढं कळवलंत की पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.